नुसतं पाहिलं

मावशींना संशयी म्हटलेलं मुळीच खपत नसे. संशयी माणूस बसल्या जागी वाईटसाईट कल्पना करतो, आपण उठून खात्री करतो, हा त्यांच्या मते फार मोठा फरक होता. फळवाला फळं तोलायला लागला की त्या फळांकडे न पाहता त्याच्या बोटांकडे पाहत. शेजारीण ‘सहज आले होते’ म्हणून डोकावून गेली की तिच्यामागे दार लावून आधी घरातल्या वस्तूंवरून एक नजर फिरवत. कामावर त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे दुर्बीण. हे नाव फाटकावरच्या पहारेकऱ्याने ठेवलं होतं आणि ते मावशींना ठाऊक होतं, कारण मावशींना ठाऊक नाही असं त्या इमारतीत फार थोडं होतं.

या स्वभावामागे एक कारण होतं आणि ते हसण्यासारखं नव्हतं. मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी त्यांचा नवरा एका सकाळी नेहमीसारखी दाढी करून, नेहमीसारखा चहा पिऊन कामावर गेला तो परत आलाच नाही. मेला नाही, दुसऱ्या गावात दुसरा संसार थाटून बसला. मग एकेक आठवत गेलं. नवा शर्ट, उगाचच चांगलं वागणं, जेवताना भिंतीकडे टक लावून बसणं. सगळं डोळ्यांसमोर घडत होतं, आपण पाहिलं नाही, हे मावशींच्या मनात जे बसलं ते कायमचं. त्या दिवसापासून त्या पाहू लागल्या.

पोटासाठी त्या मेंदूचा अभ्यास चालणाऱ्या एका संस्थेत लागल्या. आधी झाडलोट, मग तळमजल्यावरचं उंदीरघर. उंदीरघर म्हणजे ओळीने बिनखिडक्यांच्या खोल्या, मांडण्यांवर पारदर्शक डबे, डब्यात भुसा, वर तारेचं झाकण आणि झाकणात उलटी अडकवलेली पाण्याची बाटली. टोपी, मास्क, हातमोजे घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. शेवटच्या खोलीला कागदावर कसलासा आकडा होता, पण सगळे तिला बाळंतिणींची खोली म्हणत. तिथे व्यालेल्या उंदरिणी आणि त्यांची पिल्लं. उंदरांची जाग अंधारातली, म्हणून दिवसभर तिथे फक्त लाल दिवा. या खोलीवर मावशींचा जीव होता. बाळंतिणीचा भुसा बदलताना जुन्या घरट्यातला मूठभर मळका भुसा नव्या डब्यात टाकावा लागतो, नाहीतर आईला आपलंच घर परकं वाटतं. ही मूठ मावशी कधीही विसरल्या नव्हत्या.

त्या खोलीत एका मॅडमचा प्रयोग चालू होता. मॅडम तरुण, हुशार आणि सदा चिंतेत. त्यांचं म्हणणं असं की मध्यमेंदूत, अगदी खोलवर, पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. पिल्लाचा आवाज आला की तो जागा होतो आणि आई उठते, पिल्लाला तोंडात धरून घरट्यात आणते. काही आयांना त्या एक औषध टोचत, त्याने तो पुंजका तेवढ्यापुरता गप्प बसे. बाकीच्यांना, तुलनेसाठी, नुसतं मिठाचं पाणी. मग घरट्यातली पिल्लं उचलून डब्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची, डब्यावर काळं कापड टाकायचं आणि खोलीबाहेर जायचं. थोड्या वेळाने येऊन पाहायचं की किती पिल्लं घरी पोचली. पिल्लांचा आवाज इतका बारीक की माणसाला ऐकूच येत नाही. एका यंत्राच्या पडद्यावर रेघा थरथरत, तेवढंच त्यांचं रडणं. मावशींनी एकदा विचारलं होतं की औषध टोचलं की आईची माया आटते का. मॅडम म्हणाल्या, माया मला मोजता येत नाही, उठणं मोजता येतं. हे उत्तर मावशींना अजिबात पटलं नाही. जी उठत नाही तिची माया कसली?

आणि मग प्रयोग बिघडला. औषधवाल्या आया पिल्लं उचलत नव्हत्या ते ठीकच, पण मिठाच्या पाण्यावरच्यासुद्धा ढिम्म. मॅडमनी औषध तपासलं, सुया तपासल्या, खोलीतली हवा तपासली, आणि शेवटी कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या की कोणीतरी डब्यांशी चाळे करतंय. मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि ती सरळ मौनीबाबाच्या अंगावर जाऊन बसली.

मौनीबाबा म्हणजे डबे धुण्याच्या यंत्रावर नव्याने लागलेला माणूस. दिवसभर वाफेत उभा राहायचा, काही विचारलं तर मान हलवायचा. जो बोलत नाही त्याच्या पोटात काय आहे कोणी सांगावं? शिवाय धुतलेले डबे ठेवायला त्याला सगळ्या खोल्यांत मुभा. मावशींनी त्याच्या साबणाचा वास घेऊन पाहिला, त्याचे टाकलेले हातमोजे उलटे करून पाहिले, तो कोणत्या दाराने आत जातो आणि कोणत्या दाराने बाहेर येतो ते पाहिलं. एकदा तो डबे ठेवून वळला आणि दारात मावशींना पाहून केवढ्याने दचकला. चोराच्या मनात चांदणं, मावशी मनात म्हणाल्या. लाल अंधारात अचानक दुर्बीण समोर आली तर साधुपुरुषही दचकेल, हे त्यांना सुचलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी मॅडमना सांगितली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. मॅडम बाहेर गेल्या की मावशी काळ्या कापडाचं टोक उचलून आत पाहत. हात लावायचा नाही असा नियम होता आणि मावशींनी हात कधीच लावला नाही. पूर्वी असं पाहायची त्यांना गरज पडली नव्हती. हे सुरू झालं ते घरी नात आल्यापासून.

नातीचं लाडाचं नाव चिमी. मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, कोणत्या इमारतीत किती वेळ अडकेल त्याचा नेम नाही. म्हणजे घरात सून, चिमी आणि कामावरून आल्यावर मावशी. चिमी रडली की सून पटकन उठत नसे. बिछान्यावर बसून राही, हात मांडीवर, डोळे भिंतीवर. ते मावशींनी पाहिलं. भिंतीकडे पाहणारं माणूस या घरात एकदा होऊन गेलं होतं आणि तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केलं होतं.

या वेळी त्यांनी दुर्लक्ष केलं नाही. त्या सुनेला बोलत काही नव्हत्या. सासूने छळलं असं कोणाला म्हणता आलं नसतं. फक्त दारापाशी येऊन उभ्या राहत. चिमी रडली की हातातलं काम टाकून दारापाशी. सून पाजायला बसली की दारापाशी. अंघोळ घालायला लागली की दारापाशी. मग सुनेच्या हातून टॉवेल खाली पडे, साबण निसटे, आणि मावशी मनातल्या मनात एकेक खूण करत जात. दुसऱ्या दिवशी काळ्या कापडाखाली तेच चित्र: आई दगडासारखी बसलेली आणि दूर कोपऱ्यात घेवड्याच्या दाण्याएवढी गुलाबी पिल्लं वळवळताहेत. हल्लीच्या उंदरिणीसुद्धा अशाच, असं मावशी मौनीबाबाला ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या. मौनीबाबाने मान हलवली.

त्यातच गोळ्या सापडल्या. उशीचा अभ्रा बदलताना आतून एक पट्टी घरंगळली. सून अधूनमधून चिमीला त्यांच्याकडे सोपवून ‘जरा जाऊन येते’ म्हणून बाहेर पडे, ते कुठे याचा आता उलगडा झाला. औषधाच्या दुकानात विचारलं तर दुकानदार एवढंच म्हणाला की याने गुंगी येते आणि हे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. चिमी दुपारची इतकी गाढ कशी झोपते, हे कोडं मावशींनी तिथेच सोडवून टाकलं. पाणी कुठेतरी मुरतंय हे त्यांना माहीत होतंच, कुठे ते आता कळलं. घरी येऊन पट्टी त्यांनी जिथल्या तिथे ठेवून दिली, कारण पुरावा हलवायचा नसतो.

आणि मग त्यांनी जे केलं ते बाळंतिणींच्या खोलीत नोकरी केलेल्या बाईलाच सुचलं असतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी, सून न्हाणीघरात असताना, त्यांनी चिमीला पाळण्यातून उचललं, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर अगदी दूरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. चिमीने भोकाड पसरलं. सून धावतच आली, केसांतून पाणी गळतंय अशी. उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. हात लोंबकळत राहिले. चिमी रडून लालबुंद झाली तरी ती जागची हलेना. मावशींनी दाराच्या फटीतून ते कसं सोसलं त्यांचं त्यांनाच ठाऊक. शेवटी त्या बाहेर आल्या, नातीला छातीशी धरलं आणि सुनेकडे नुसतं पाहिलं.

त्याच संध्याकाळी मुलाला समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, गोळ्या, कोपरा. मुलगा दमलेला होता, आईने एकटीने वाढवलेला होता, आणि आईची नजर चुकत नाही हे लहानपणापासून ऐकत आला होता. ठरलं ते असं: रविवारी सुनेच्या भावाला बोलावून घ्यायचं, तिने काही महिने माहेरी राहून विश्रांती घ्यायची, आणि चिमी इथेच राहील, वरच्या दुधावर. सुनेला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. ‘बरं’ म्हणाली आणि खाली मान घालून आत गेली. आईचं काळीज असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, मावशी म्हणाल्या.

इकडे कामावर कॅमेऱ्याची मागणी खुद्द मावशींनी लावून धरली होती. मौनीबाबा एकदा पकडला गेला की सोक्षमोक्ष होईल, असं त्या मॅडमना येता-जाता सांगत. मॅडमनी आधी टाळाटाळ केली, मग एके दिवशी कोणालाही न सांगता, मावशींनासुद्धा न सांगता, एका झाकणात पाण्याच्या बाटलीशेजारी बोटभर कॅमेरा अडकवून टाकला. शुक्रवारी त्यांनी मावशींना वर आपल्या खोलीत बोलावलं. मावशी चेहऱ्यावर ‘मी म्हटलंच होतं’ घेऊन जिना चढल्या.

पडद्यावर तांबूस अंधार होता. एक डबा, घरट्यात आई, पलीकडच्या टोकाला पिल्लं. मॅडमचे हातमोजे दूर झाले, कापड पडलं. आईने नाक वर केलं, उठली, सरळ कोपऱ्यात गेली, एक पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणून ठेवलं आणि लगेच दुसऱ्यासाठी वळली. मावशींना नवल वाटलं. झाकणावरची खूण त्यांनी ओळखली होती. त्यांच्या हिशेबी ही त्या ओळीतली सगळ्यांत कुचकामी आई. दुसरं पिल्लू तोंडात, अर्धी वाट संपलेली, आणि तेवढ्यात कापडाचं टोक वर गेलं. डब्याच्या भिंतीपलीकडे टोपी, मास्क आणि मध्ये दोन डोळे आले. आईच्या तोंडातून पिल्लू खाली पडलं. ती भुशाला चिकटून बसली, कान पाडून, ना पुढे ना मागे. मास्कवरचे डोळे हलायलाच तयार नव्हते. जा ना आता बाई, मावशींच्या मनात आलं, कोण आहे ही मेली? मग त्यांना त्या डाव्या भुवईवरचा, रोज आरशात पाहिलेला तीळ दिसला.

कापड पुन्हा पडलं. आई तशीच बसून होती. कितीतरी वेळाने तिचं नाक हललं, ती दबकत उठली, पडलेलं पिल्लू हुंगून उचललं आणि घरट्यात नेलं. मग उरलेली, एकेक करून. वेळेत पोचलं होतं ते फक्त पहिलं. आपण निघून गेल्यावर काय होतं, हे मावशींनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

“मी हात लावला नाही, मॅडम,” मावशी म्हणाल्या. “नुसतं पाहिलं.”

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या ओरडल्या नाहीत. हात लावू नका म्हटलं, पाहू नका असं म्हणायला हवं होतं, ते माझंही राहिलंच, म्हणाल्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार होतं आणि त्यांचा आवाज थकलेला होता. मग त्यांनी टेबलावरच्या कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. पिल्लू उचलायला लावणारी जागा ही, मध्यमेंदूत. आणि तिथून जवळच, त्याच मध्यमेंदूत, भीतीने थिजवून टाकणारी जागा.

“कोणी असं टक लावून पाहत असेल तर उंदराला ते मांजरच,” मॅडम म्हणाल्या. “थिजायला झालं की उचलणं थांबतं. ही वाईट आई नाही, मावशी. पिल्लू रडतंय हे तिला कळत होतं.”

मावशी खाली आल्या. बातमी त्यांच्या आधी फाटकापर्यंत पोचली होती. पहारेकऱ्याने काखेत कळसा आणि गावाला वळसा असं काहीतरी ऐकवलं. एरवी मावशींनी त्याची सात पिढ्यांची झडती घेतली असती, आज त्या तशाच पुढे गेल्या. मौनीबाबा डब्यांची चळत घेऊन चालला होता. त्याच्याशी काय बोलावं ते न कळून त्यांनी मान हलवली. त्यानेही हलवली.

घरी जाताना त्यांच्या डोक्यात दोन बायका भांडत होत्या. उंदीर वेगळा, माणूस वेगळा, एक म्हणे. गोळ्यांचं काय, म्हणे. दुसरी काही बोलत नव्हती, फक्त परत परत कापडाचं टोक उचलत होती. भाऊ परवा येणार होता.

दार उघडून त्या आत आल्या तेव्हा चिमी रडतच होती. पाय सवयीने त्या दाराकडे निघाले. मावशींनी ते ओढून परत आणले, स्वयंपाकघरात पाट ओढला आणि दाराकडे पाठ करून बसल्या. थोड्या वेळाने आतून पाळण्याची कडी वाजली आणि रडणं कमी झालं. सून पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मावशींनी मान न वळवताच विचारलं, “त्या दिवशी उंबऱ्यावर का थांबलीस?”

सुनेने भरलेला पेला तसाच ओट्यावर ठेवला.

“तुमच्या पायांची बोटं दिसत होती दाराखालून,” सून म्हणाली. “आई, ती रडते ते मला ऐकू येतं. पण आधी तुमचं उभं राहणं ऐकू येतं. मग माझे हात माझे राहत नाहीत. आता उचललं तर चुकेल, नाही उचललं तरी चुकेल, एवढंच डोक्यात फिरतं.”

“आणि गोळ्या?” हे मावशींच्या तोंडून गेलंच. सवय ती सवय.

गोळ्या सुनेच्या स्वतःच्या होत्या. बाळंतपणानंतर छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं, झोप उडाली होती, म्हणून ती आपणहून डॉक्टरीणबाईंकडे गेली होती आणि जात होती. पाजतानाही चालतील अशा बघून दिल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण त्याला सांगितलं म्हणजे आईंना सांगितलं. “तुम्ही त्या गोळ्यांवरही लक्ष ठेवलं असतं,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मावशींना जास्त लागलं.

“भावाला नको येऊ म्हणून सांगते मी,” मावशी म्हणाल्या. “कुठे जायचं नाही तुला.”

“नको. येऊ दे त्याला. मी जाते,” सून म्हणाली. मग पहिल्यांदाच तिचा आवाज वर चढला. “चिमीला घेऊन जाते.”

मावशींच्या घशाशी कितीतरी प्रश्न आले. किती दिवस? तिथे कोण आहे बघायला? रडली तर उठशील ना? नात डोळ्यांआड होणार, या विचारानेच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी पाटाची कड घट्ट धरली.

“बरं,” त्या म्हणाल्या.

मुलाला समजावणं सोपं नव्हतं. आधी ठरलेलं एक आणि आता भलतंच, त्याला काही उमगेना. सून नवऱ्याशी आत बराच वेळ बोलत बसली होती. काय बोलली ते मावशींना कळलं नाही, कारण त्या मुद्दाम नळ सोडून भांडी घासत होत्या. मुलगा बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने फक्त एवढंच विचारलं की आई, तू तर म्हणाली होतीस. मावशी म्हणाल्या, “माझी नजर चुकली.” हे वाक्य त्या घरात पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं.

रविवारी भाऊ आला. तो दारातच अवघडून उभा होता, चहासुद्धा नको म्हणाला. चिमीच्या कपड्यांच्या पिशवीत मावशींनी तिच्या पाळण्यातली एक जुनं, न धुतलेलं दुपटं घडी करून सगळ्यांत वर ठेवलं. तिथे गेल्यावर तिला घर परकं वाटायला नको, एवढंच म्हणाल्या. सुनेने ते पाहिलं आणि पिशवी बंद केली. मुलगा रिक्षा आणायला पुढे गेला. भावाने चिमीला कडेवर घेतलं, सुनेने पिशव्या उचलल्या, आणि ती वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मावशींनी तिला मध्येच धरलं.

पावलं जिना उतरू लागली. मावशी वर कठड्यापाशी उभ्या होत्या. मधल्या वळणावर चिमी एकदम रडायला लागली, मामा नवखा म्हणून असेल, अंधार म्हणून असेल. पावलं थांबली. रडणं चढत गेलं. कठड्यावरून जरासं वाकलं असतं तर सगळं दिसलं असतं. तिचे हात हलतात की नाही, चेहरा कसा होतो, कोण कोणाला देतं. एवढ्या वर्षांत अशी संधी मावशींनी कधी सोडली नव्हती.

त्या भिंतीकडे वळल्या. भिंतीचा रंग कुठेकुठे उडाला होता, एका खिळ्याभोवती ओल आली होती, आणि त्या ते निरखून पाहत राहिल्या. खाली पायरीवर पिशव्या ठेवल्याचा आवाज आला. सुनेनेच ठेवल्या असतील. कशावरून? मन लगेच म्हणालं. जा, पाहून ये.

रडणं थांबलं. पावलं पुन्हा उतरू लागली, मग ऐकू येईनाशी झाली. मावशी तशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.